चोरीला गेलेल्या शर्यतीच्या घोड्याचा पिक्चर मुलांना दाखवताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

सुट्टीत भावंडं जमली की कुणीतरी म्हणतंच, "घोड्याचा पिक्चर लावू या, लहानांनाही चालेल." पोस्टरवर हिरवं कुरण, उमदा घोडा, त्याच्या गळ्यात हात टाकलेला मुलगा. अर्ध्या तासाने पडद्यावर बंदूक येते. रिमोटची शोधाशोध होते, कुणीतरी दृश्य पुढे पळवतं. रात्री झोपताना घरातली धाकटी विचारते, "पण खरा घोडा सापडला का?" आणि आजी, काका, बाबा तिघं तीन उत्तरं देतात.

बडोद्यात, दांडिया बाजारपासून मांजलपूरपर्यंत, ओळखीच्या घरांतून हेच ऐकू येतं. बहुतेक वेळा पिक्चर चांगलाच असतो. बिघडतं ते क्रमात. आधी सांगायचं ते नंतर सांगितलं जातं, नंतर सांगायचं ते ऐन दृश्याच्या मध्यात बोललं जातं. म्हणून हा क्रम सविस्तर देतो आहे. ६ ते १३ वर्षांच्या मुलांसोबत बसणाऱ्या कुणालाही तो वापरता येईल.

## १. आधी शेवट माहीत करून घ्या

चोरीला गेलेल्या घोड्याच्या गोष्टी तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात घोडा परत येतो आणि शेवटची शर्यत जिंकतो. दुसऱ्यात तो सुटतो, पण मूळ मालकाकडे येत नाही. कुठेतरी मोकळा धावताना दिसतो. तिसरा प्रकार खऱ्या घटनेवर बेतलेला, आणि घोटाळा होतो तो इथेच. पिक्चरने शेवट गोड केलेला असतो, खरी हकीगत तशी नसते.

या तिसऱ्या प्रकाराचं ठळक उदाहरण म्हणजे शेरगर. १९८१ साली इंग्लंडची डर्बी ही मानाची शर्यत १० लांबींनी (एक लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाएवढं अंतर) जिंकलेला हा घोडा ८ फेब्रुवारी १९८३ च्या रात्री आयर्लंडमधल्या पागेतून पळवला गेला. त्याच्यावर १९९९ मध्ये एक चित्रपटही निघाला. मूल थोडं मोठं असेल आणि हाताशी फोन असेल, तर पिक्चर संपल्यावर खरं काय झालं ते त्याला दोन मिनिटांत सापडेल. ते तुमच्याकडून कळलेलं बरं.

तपासा: घोड्याचं पडद्यावर काय होतं? गोष्ट खऱ्या घटनेवर आहे का? असल्यास खरा शेवट काय? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत मुलांना पिक्चरचं नावही सांगू नका. एकदा सांगितलं की माघार घेता येत नाही.

## २. एकट्याने, आवाजासकट, पूर्ण बघा

ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात. कारण एकच दिलं जातं: "सर्टिफिकेट बघितलं की."

सर्टिफिकेट बघाच. थिएटरसाठी आता 'यूए' (मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायचा) चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट आहेत. ओटीटीवर २०२१ च्या नियमांपासून याच वयोगटांची खूण असते आणि शेजारी हिंसा, भाषा, भीती असे शब्दही दिलेले असतात. यू/ए १३+ आणि त्यावरच्या पिक्चरसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. तरीही ती खूण सर्वसाधारण मुलासाठी असते. तुमच्या घरातला मुलगा बंदुकीला घाबरणार नाही, पण घोड्याचा पाय मुरगळला की उठून आत जाईल, हे तिला कसं कळणार?

बघताना कागद-पेन जवळ ठेवा आणि पुढच्या गोष्टी दिसल्या की मिनिट-सेकंदासह टिपा:

- शस्त्र, मुखवटे, घरात घुसणं, कुणाला बांधून ठेवणं
- घोडा पडणं, जखम, इंजेक्शन, ट्रकमध्ये कोंडणं
- चाबूक
- सट्टा, दारू, शिव्या
- लहान मूल एकटं पडतं ते दृश्य

शेवटची नोंद विसरू नका. अशा पिक्चरमध्ये तबेल्यात काम करणारं एखादं पोर असतंच, आणि मुलांचं सगळं लक्ष त्याच्यावर असतं. मारामारी त्यांना पुढे आठवत नाही. ते पोर रात्री जंगलात एकटं झोपलं, हे मात्र आठवतं.

नेहमीची चूक: दीडपट वेगाने किंवा आवाज बंद करून बघणं. मुलं घाबरतात ती बऱ्याचदा आवाजाला. पिक्चरमधले घोडे सारखे खिंकाळतात, कारण तो आवाज मागाहून भरलेला असतो. चौखूर धावणारा घोडा सहसा खिंकाळत नाही, ऐकू येतात त्या टापा आणि श्वास. आवाज बंद करून बघितलेलं साधं दृश्य मुलांसमोर किंचाळत येतं.

भाषाही याच वेळी तपासा. आयर्लंड-इंग्लंडमधले उच्चार इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही झेपत नाहीत. आपल्याकडची मुलं घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी बोलतात, तरी वेगाने सरकणारी इंग्रजी अक्षरं सात वर्षांच्या मुलाला वाचून होत नाहीत. हिंदी आवाज असेल तर तो घ्या. नसेल तर कानात सांगायला एक मोठं माणूस नेमा. एकच. तिघं सांगायला लागले की गोष्ट कुणालाच कळत नाही.

## ३. कोण बसणार ते ठरवा

सहाच्या आतल्यांना बसवू नका. पडद्यावरची चोरी आणि आपल्या घरी होऊ शकणारी चोरी यांतला फरक त्या वयात पक्का नसतो. सात-आठ वर्षांच्यांना मोठ्या माणसाला लागून बसवा. दहाच्या पुढची मुलं गोष्ट नीट पेलतात, फक्त त्यांना "तू मोठा आहेस, रडायचं नाही" असं म्हणू नका.

घरातलं कुत्रं-मांजर नुकतंच गेलं असेल, किंवा घरात खरोखर चोरी झाली असेल, तर हा पिक्चर काही महिने बाजूला ठेवा.

## ४. पिक्चरच्या आधी घोडा भेटवा

मला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. घोडा ओळखीचा झाला की मूल पिक्चर वेगळ्या डोळ्यांनी बघतं. त्याला भीती कमी वाटते आणि दिसतं जास्त.

बडोद्यात यासाठी लांब जावं लागत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी मुलांना काळा घोडा सर्कलला न्या. सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा तिथे आहे, शेजारी कमाटी बाग. पुतळ्याभोवती रहदारी फार, त्यामुळे चौकात उतरू नका. बागेच्या बाजूच्या फुटपाथवर उभं राहूनच दाखवा. लगाम कुठून कुठे जातो, खोगीर कुठे असतं, मान केवढी. मुलांना नावं सांगा: आयाळ, खूर, नाल, लगाम, खोगीर, रिकीब (स्वार पाय अडकवतो ती कडी). घोड्याची देखभाल करणारा तो मोतद्दार, आणि अंगावरून ब्रश फिरवून घोडा साफ करणं म्हणजे खरारा. एवढे शब्द पुरेत. शब्दकोश करायला बसू नका.

मग घरी येऊन कान शिकवा. घोड्याचे दोन्ही कान पुढे वळलेले असले तर तो समोरच्या गोष्टीकडे लक्ष देतो आहे. एक कान मागे वळला तर तो मागचा आवाज ऐकतो आहे, बहुधा स्वाराचा. दोन्ही कान मागे, मानेला चिकटलेले असले तर तो चिडला आहे, दूर राहायचं. डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, नाकपुड्या फुगल्या आणि मान उंच झाली तर बहुतेक वेळा घाबरला आहे. हे पाच मिनिटांत शिकून होतं, आणि मग मुलं पिक्चरभर कान बघत बसतात. चोर घोड्याला ट्रकमध्ये चढवतात त्या दृश्यात बंदुकीऐवजी "कान बघ, कान!" असं ऐकू येतं.

शेरगरची गोष्ट असेल तर अजून एक सांगा. तो पंचकल्याणी होता: अंग तांबूस तपकिरी, चारही पाय खाली पांढरे, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. शिवाय एक डोळा निळसर. अशा खुणांचा घोडा लपवणं अवघड, हे मुलं स्वतःच बोलून दाखवतात. पिक्चरमध्ये एकाच घोड्याचं काम बऱ्याचदा दोन-तीन घोडे करतात आणि खुणा रंगाने जुळवलेल्या असतात. पायांचा पांढरा भाग कुठल्या दृश्यात कमी-जास्त होतो ते शोधायला सांगा. आठ वर्षांच्या पुढच्यांना हा खेळ फार आवडतो, आणि पडद्यावर जे चाललंय ते अभिनय आहे, हे वेगळं पटवावं लागत नाही.

बडोदेकरांसाठी एक धागा हाताशी आहेच. महाराजा प्रतापसिंहराव गायकवाडांच्या घोड्याचं नाव 'सयाजीराव' होतं. १९४७ साली त्याने इंग्लंडची सेंट लेजर ही लांब पल्ल्याची शर्यत जिंकली. १९८१ मध्ये शेरगर हरला तो याच शर्यतीत. आणि शेरगर पळवला गेला त्याच किल्डेर परगण्यात, न्यूब्रिजजवळ, 'बरोडा स्टड' नावाची घोड्यांची पागा आजही आहे. एवढं सांगून थांबा. गायकवाडी इतिहास इथे सुरू केला की मुलं उठून जातात.

तपासा: मुलाला कानांच्या तीन खुणा सांगता येतात का? येत असतील तर तयारी झाली.

## ५. खोली, आवाज, खाणं

खोलीत एक मंद दिवा चालू ठेवा. पूर्ण अंधार नको. आवाज नेहमीपेक्षा एक-दोन घरं कमी. संपल्यावर पुढचा पिक्चर आपोआप सुरू होणारी सोय आधीच बंद करा, नाहीतर शेवटच्या दृश्यावर भलतीच जाहिरात येऊन आदळते. मोठ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत.

वेळ दुपारची किंवा संध्याकाळी पाचची. रात्रीच्या जेवणानंतर अजिबात नको, कारण पुढच्या पायऱ्यांना जागेपणीचे दोन तास लागतात.

चिवडा चालेल. शेव उसळ मात्र नंतरसाठी राखून ठेवा, ती पायरी ८ मध्ये कामाला येते.

## ६. सुरू करण्याआधी एवढंच सांगा

मोठ्यांना इथे भाषण सुचतं. ते टाळा. तीनच गोष्टी बोला:

"एक घोडा आहे, त्याला चोर पळवतात. मध्ये थोडी भीती वाटेल असं आहे, तेव्हा मी इथेच आहे. थांबवावंसं वाटलं तर हात वर करा, मी लगेच थांबवीन."

"घोडा मरतो का?" असं कुणी विचारलं तर खरं उत्तर द्या. पिक्चरमध्ये वाचत असेल तर "पिक्चरमध्ये वाचतो" असं म्हणा, आणि 'पिक्चरमध्ये' हा शब्द गाळू नका. मरत असेल तर तेही सांगा आणि मग बघायचं की नाही ते मुलालाच ठरवू द्या. शेवट कळला म्हणून मुलांची मजा जात नाही. उलट ती सैल होऊन बघतात.

सावधान: "खरी गोष्ट आहे बरं का!" असं म्हणून उत्सुकता वाढवू नका. खरी गोष्ट उद्या सांगायची आहे.

## ७. चालू असताना कुठे थांबायचं

टिपलेला कागद आता मांडीवर ठेवा.

भीतीच्या दृश्याच्या मध्यात कधीही थांबवू नका. थांबवलं की मुखवटा घातलेला माणूस पडद्यावर गोठून राहतो, आणि मुलाच्या मनातही तोच राहतो. दृश्य संपू द्या, पुढचं शांत दृश्य सुरू झालं की थांबवा, पाणी द्या, "आता घोडा कुठे आहे?" एवढंच विचारा.

पुढे पळवणंही नको. पळवलेल्या दृश्यात काय होतं ते मूल स्वतः रचतं, आणि ते रचलेलं दृश्य जास्त भयंकर असतं. एखादं दृश्य खरंच दाखवण्यासारखं नसेल, तर तो पिक्चरच अजून दोन वर्षांनी दाखवायचा. हे पायरी २ मध्येच कळायला हवं.

डोळ्यांवर हात ठेवू नका. मुलाला स्वतःचा हात आहे.

शर्यतीचं दृश्य मात्र अखंड चालू द्या. त्यात चाबूक दिसला की हमखास प्रश्न येतो, "त्याला लागत नाही का?" थोडक्यात सांगा: लागतं, म्हणून त्यावर नियम आहेत. आजच्या शर्यतींतले चाबूक गादीदार असतात. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत (म्हणजे अडथळ्यांवरून उड्या नसलेल्या) सहापेक्षा जास्त वेळा चाबूक वापरला तर जॉकीला, म्हणजे स्वाराला, शिक्षा होते. जुन्या काळातल्या पिक्चरमध्ये याहून जास्त दिसेल. बाकीचं बोलणं नंतर.

नेहमीची चूक: मोठी माणसं आपापसात बोलतात. "हा नंतर दगा देणार बघ." मुलांना तो माणूस आवडायला लागलेला असतो.

## ८. संपल्यावर आधी खाणं, मग बोलणं

शेवटची नावं सरकतात तेव्हा टीव्ही बंद करू नका. चित्रीकरणात प्राण्यांना इजा झाली नाही, असं निवेदन असेल तर ते मुलांना वाचून दाखवा. भारतीय चित्रपटात असं निवेदन सुरुवातीलाच येतं आणि प्राणी वापरायचे असतील तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. ब्रिटनमध्ये तर १९३७ पासूनच प्राण्यांना क्रूरपणे वागवून चित्रित केलेली दृश्यं दाखवायला कायद्याने बंदी आहे. पडणारा घोडा शिकवलेला असतो, मऊ जमिनीवर पडतो, हेही सांगा. काही मुलांना एवढ्यानेच हायसं वाटतं.

मग शेव उसळ. खाताना मुलं आपणहून बोलायला लागतात, आणि जे बोलतात त्यावरून काय टोचलं ते कळतं. "कसा वाटला?" हा प्रश्न फुकट जातो, उत्तर "छान" येतं. त्याऐवजी विचारा:

- घोड्याला कधी कळलं असेल की ही माणसं आपली नाहीत?
- त्या मुलाने कुणाला सांगायला हवं होतं?
- चोरांपैकी कुणाचं मन डळमळलं?

दुसरा प्रश्न जरूर विचारा. अशा गोष्टींत पोर एकट्यानेच सगळं निभावतं आणि पडद्यावर ते शूर दिसतं. तुमच्या घरातल्या मुलाला हे ठाऊक हवं की असं काही दिसलं तर आधी मोठ्या माणसाकडे धावायचं.

आजोबा-आजी सोबत असतील तर सट्ट्याचा विषय त्यांच्याकडे द्या. "लोक पैसे लावतात, बहुतेक हरतात, आपल्या घरी कुणी लावत नाही," हे आजोबांच्या तोंडून आलं की पुरतं.

## ९. खरी हकीगत दुसऱ्या दिवशी, उजेडात

फक्त खऱ्या घटनेवरच्या पिक्चरसाठी ही पायरी आहे, पण तिथे ती टाळू नका. नाश्त्यानंतरची वेळ चांगली.

नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना शेरगरचं हे सगळं सांगता येतं. शर्यती जिंकल्यावर त्याच्या मालकीचे ४० हिस्से केले गेले, एकेक हिस्सा अडीच लाख पौंडांचा. म्हणजे घोडा एक कोटी पौंडांचा. "एवढा महाग का?" तर त्याची शिंगरंही त्याच्यासारखी वेगवान होतील या आशेने. रात्री मुखवटे घातलेली सशस्त्र माणसं मुख्य मोतद्दाराच्या घरात शिरली, त्यालाच घोडा बाहेर आणायला लावला. घोडा गाडीत घालून नेला. मोतद्दाराला बराच वेळ गाडीतून फिरवून दूर सोडून दिलं. मग २० लाख पौंडांची खंडणी मागितली.

आता मुलं विचारतात, "मग दिले का नाहीत पैसे?" इथे घाई करू नका. घोडा एकाचा नव्हता, हिस्सेदार पुष्कळ होते आणि सगळ्यांचं एकमत हवं होतं. त्यांनी घोडा जिवंत असल्याचा पुरावा मागितला. शिवाय एकदा पैसे दिले की उद्या दुसऱ्या कुणाचा घोडा पळवला जाईल, ही भीती होतीच. "तू असतास तर काय केलं असतंस?" असं विचारा आणि उत्तर दुरुस्त करू नका. घरात दोन पक्ष पडतील. पडू देत.

शेवट असा सांगा: "घोडा कधीच सापडला नाही. पळवणाऱ्यांनी त्याला लवकरच मारलं असावं असं मानतात. कुणालाही त्यासाठी शिक्षा झाली नाही." त्या काळी आयर्लंडमध्ये आयआरए ही सशस्त्र संघटना होती आणि संशय तिच्यावर होता, हे बारा-तेरा वर्षांच्यांना सांगा. धाकट्यांना "बंदुकीच्या जोरावर पैसे मिळवू पाहणारी टोळी" पुरे.

मूल रडलं तर रडू द्या. "अगं, कुठेतरी मजेत असेल" असं म्हणून सारवासारव करू नका. दोन वर्षांनी तिला खरं कळेल, आणि तेव्हा प्रश्न घोड्याचा नसेल, तुमच्या शब्दाचा असेल. पिक्चर लिहिणाऱ्यांनी वेगळा शेवट का केला असेल, हा मात्र चांगला प्रश्न आहे. काही मुलं यावर तासभर बोलतात, काही स्वतःचा तिसरा शेवट लिहून आणतात.

तपासा: त्या रात्री झोप नीट लागली का? दार लावलंय का, असं दोन-तीनदा विचारलं गेलं तर कडी-कुलूप मुलालाच लावू द्या. आठवडाभर हेच चाललं तर असे पिक्चर काही काळ बंद.

## १०. खऱ्या घोड्याजवळ जायचा हट्ट झाला तर

होणारच. लग्नसराईत वरातीचा घोडा दिसला की मुलं धावत सुटतात, आणि इथेच खरा धोका आहे. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, पण शेपटीमागचं आणि थेट कपाळासमोरचं दिसत नाही. मागून गेलं की तो दचकून लाथ मारू शकतो.

वाजंत्री चालू असताना, फटाक्यांच्या वेळी जवळ जायचंच नाही. वरात संपल्यावर घोडेवाल्याला विचारा, त्याने होकार दिला तरच पुढे व्हा. आधी कान बघा. मग बाजूने, खांद्याच्या दिशेने, हळू बोलत जा. हात फिरवायचा तो मानेवर किंवा खांद्यावर, नाकावर नाही. खायला द्यायचं असेल तर तेही विचारूनच. गाजर असेल तर लांब उभे काप करा, कारण गोल चकती घशात अडकू शकते. काप सपाट तळहातावर ठेवायचा, चारही बोटं चिकटलेली, अंगठा कडेला मिटलेला, आणि मुलाच्या हाताखाली पहिल्या वेळी तुमचा हात.